करसवलत कोणाच्या पदरी?

मार्च महिना उजाडला की आपल्या धर्मग्रामांतील पगारदार पालक महाविद्यालयीन शुल्काच्या पावत्या शोधू लागतात. शिक्षणखर्चावर आयकरात सवलत मिळते, हे बहुतेकांस ठाऊक असते. ती सवलत कोणापर्यंत पोहोचत नाही, हे मात्र वेल्हे तालुक्याकडे पाहिले की ध्यानी येते. (२०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्यास राजगड हे नाव देण्यास मान्यता दिली. आम्ही येथे जुनेच नाव वापरीत आहोत.)

तोरणा व राजगड यांच्या कुशीतील हा डोंगराळ मुलूख. येथील मुख्य पीक भात. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. मग ज्याला करच नाही, त्याला सवलत कशातून मिळणार?

१९६१च्या आयकर कायद्यातील ८०-सी कलमाने दोन अपत्यांच्या शिक्षणशुल्काची वजावट दिली, तीही विमा व भविष्य निर्वाह निधी यांसह एकूण दीड लाख रुपयांच्या मर्यादेत. ८०-ई कलमाने शैक्षणिक कर्जाचे व्याज आठ वर्षांपर्यंत वजा करू दिले, मुद्दल नाही. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तरी जुनी करप्रणाली निवडणाऱ्यास या वजावटी आहेत. नव्या प्रणालीत त्या नाहीत, आणि २०२३पासून तीच प्रणाली गृहीत धरली जाते.

शिवाय वसतिगृह, खानावळ व प्रवास यांचा खर्च शिक्षणशुल्काच्या वजावटीत कधीच धरला गेला नाही. वेल्ह्यातील मुलीला अभियांत्रिकी शिकायची तर बहुधा पुण्यात बिऱ्हाड करावे लागते. जुलै २०२४च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले, हे खरोखर मोठे पाऊल होय. पण घरमालक शासननिर्णय वाचून भाडे सोडीत नाही!

अमेरिकेने २००९ साली उच्च शिक्षणासाठी अडीच हजार डॉलरपर्यंतची करसवलत आणली. तिचा ४० टक्के भाग, म्हणजे एक हजार डॉलरपर्यंतची रक्कम, कर शून्य असला तरी पात्र कुटुंबाच्या हाती पडू शकते. आपल्या वजावटीत ही सोय नाही. जास्त दराने कर भरणाऱ्यास ती जास्त वाचवते, कमी भरणाऱ्यास कमी, आणि भातशेतकऱ्यास काहीच नाही. आमच्या मते शासनाने सवलतीपेक्षा निवासाच्या थेट अनुदानाकडे अधिक पैसा वळवावा.

तसे अनुदान अगदीच नाही असे नव्हे. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी आहे. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावयाचा असतो. अल्पभूधारक असल्याचा व उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. प्रवेशाच्या धावपळीत तो वेळेवर हाती येत नाही, म्हणून बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच त्यासाठी अर्ज करावा.