चीनमधली वेगळी इमारत

नीटचा निकाल लागला की दरवर्षी वस्तीतल्या ओळखीच्या पालकांचे फोन सुरू होतात. "चीनला पाठवू का? एजंट म्हणतोय डोनेशन नाही, सगळं इंग्रजीत शिकवतात, हॉस्टेलवर आपलं जेवण मिळतं." जमिनीचा तुकडा विकायचा की पीएफ काढायचा, हे घरात ठरून गेलेलं असतं. पोरगं तिथे सहा वर्षं कसं राहणार, हे मात्र कुणीच विचारत नाही.

चीनला जाऊ नका, असं माझं म्हणणं नाही. 2018 साली तिथे 196 देशांतले 4 लाख 92 हजार परदेशी विद्यार्थी होते आणि त्यांत 23 हजारांवर भारतीय होते. हा आकडा काही वेड्यांचा नाही. पण यातली आपली बहुतेक मुलं एमबीबीएसला जातात आणि एजंट जे विकतो ते शिक्षण कमी, सोय जास्त असते.

चिनी विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांची इमारत बहुतेक ठिकाणी वेगळी असते. त्यांचं कार्यालय वेगळं, इंग्रजी माध्यमाचे वर्गही वेगळे. चिनी मुलं एका खोलीत चार, सहा, कधी आठ राहतात. अनेक वसतिगृहांत रात्री अकराला त्यांचे दिवे जातात. परदेशी मुलांना बहुधा दोघांत एक खोली मिळते, आत बाथरूमही असतं. चिनी तरुणांना हे खुपतं, आणि त्यांचं काय चुकलं? 2019 मध्ये शानदोंग विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांना चिनी 'सोबती' जोडून देण्याचा उपक्रम चालवला. त्यावर समाजमाध्यमांत एवढा संताप उसळला की विद्यापीठाला माफी मागावी लागली.

हा राग नवा नाही. डिसेंबर 1988 मध्ये नानजिंगच्या होहाई विद्यापीठात फाटकावरच्या वादातून आफ्रिकी विद्यार्थ्यांविरुद्ध हजारोंचे मोर्चे निघाले. त्यात उघड वर्णद्वेष होताच. पण परदेशी मुलांच्या बऱ्या खोल्या आणि जास्त विद्यावेतन यांचा सलही होता. चीन म्हणजे समतेचा देश, असं भाबडेपणाने सांगणाऱ्या आपल्या काही मित्रांनी हे जरूर वाचावं.

वेगळं ठेवणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. तिथलं वेगळेपण गावकुसाबाहेरचं नाही, ते सोयीचं आहे. म्हणूनच ते टोचत नाही आणि पोरगं त्यात रमतं. मेसमध्ये डाळभात मिळतो, खोलीत हिंदी सिनेमा चालतो, व्हीपीएन लावून व्हॉट्सअॅपवर घरी बोलणं होतं. चिनी भाषा भाजी घेण्यापुरती आणि वीचॅटवरून पैसे देण्यापुरती येते. दोन-तीन वर्षं अशीच जातात.

मग रुग्णालय सुरू होतं. रुग्ण चिनी बोलतो, म्हातारा असेल तर त्याच्या भागातली बोली बोलतो. केसपेपर चिनीत, नर्सशी बोलणं चिनीत. आपला विद्यार्थी घोळक्याच्या मागे उभा राहतो. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, हे दोन प्रश्न त्याला विचारता येत नाहीत. मग तो डॉक्टरकी शिकणार तरी कशावर?

सप्टेंबर 2022 मध्ये बीजिंगच्या भारतीय दूतावासाने आकडे दिले. 2015 ते 2021 या काळात चीनमधून शिकलेले 40,417 जण भारतातल्या एफएमजीई परीक्षेला बसले आणि 6,387 उत्तीर्ण झाले. म्हणजे शंभरात सोळा. सगळा दोष भाषेचा नाही. कच्च्या मुलांना डोळे झाकून प्रवेश देणारी कॉलेजं आहेत, करोनात अडीच वर्षं घरी बसून मोबाईलवर 'प्रॅक्टिकल' केलेली मुलंही आहेत. पण त्याच सूचनेत दूतावासाने बजावलं होतं की एचएसके-4 पातळीची चिनी आल्याशिवाय पदवी मिळणार नाही. ही पातळी म्हणजे साधारण 1,200 शब्द. शिवाय नोव्हेंबर 2021 पासूनचा आपल्याकडचा नियम सांगतो की शिक्षण इंग्रजी माध्यमातलं हवं आणि त्या देशात डॉक्टरकीचा परवाना मिळण्याची पात्रताही हवी. चीनमधली परवान्याची परीक्षा चिनी भाषेत होते. एजंटच्या माहितीपत्रकात हे कुठे दिसलं तर मला फोटो पाठवा.

आणखी एक भाबडी आशा असते: "तिथे काम करून फेडेल." विद्यार्थी परवान्यावर विद्यापीठाच्या आणि पोलिसांच्या परवानगीशिवाय काम करता येत नाही. पकडला गेला तर दंड होतो, मायदेशी पाठवणीही होऊ शकते.

दुसरा रस्ता आहे, पण त्यात एजंटला कमिशन नाही. चीन सरकारची शिष्यवृत्ती शुल्क आणि निवास देते, वर महिन्याला पदवीला 2,500, मास्टर्सला 3,000 आणि पीएच.डी.ला 3,500 युआन देते. चिनीतून पदवी घेणाऱ्यांना आधी एक वर्ष फक्त भाषा शिकावी लागते. आफ्रिकेतली कितीतरी मुलं हे वर्ष काढतात आणि मग चिनी मुलांच्या बाकावर बसून अभियांत्रिकी शिकतात. आपल्या केंद्राची आणि राज्याची परदेशी शिष्यवृत्ती मास्टर्स आणि पीएच.डी.लाच आहे. तिथे क्रमवारीची अट आली की आपण लंडन-अमेरिका पाहतो. छिंगह्वा आणि पेकिंग विद्यापीठ त्याच यादीत वर आहेत, तिकडे नजर जात नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं गेलं, ते फारसी शिकले. पुढे जर्मन शिकून त्यांनी बॉन विद्यापीठात नाव घातलं. आणि आपण 'सगळं इंग्रजीत' या दोन शब्दांवर घर गहाण टाकतो!

आता फोन आला की मी आधी उलटा प्रश्न विचारतो: पोरानं चिनी शिकायला सुरुवात केली का? पलीकडे जरा वेळ कुणी बोलत नाही. मग म्हणतात, "दादा, एजंटचा नंबर देतो, तुम्हीच बोला त्याच्याशी."