सीमेपलीकडची सहल

विद्यार्थ्यांचे गट परदेशी जाऊन शेते, कार्यशाळा आणि प्राचीन अवशेष पाहून येतात, याचे आम्हांस कौतुकच आहे. परंतु रामाकोन्याच्या मुलांस अशी सहल एका दिवसातही घडविता येईल. सकाळी एखाद्या संत्राबागेत जंभेरीच्या खुंटावर डोळा कसा बांधतात ते पाहावे, सौंसरला विणकराचा हातमाग पाहावा आणि दुपारी रामटेकजवळील नगरधन गाठावे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच. २०१५ ते २०१८ या काळातील उत्खननात तेथे राणी प्रभावतीगुप्ता हिच्या मुद्रेचा मातीचा ठसा मिळाला. तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन. त्याच्या भूमिदानाचा एक ताम्रपट तर आपल्या पांढुर्ण्यासच सापडला आहे.

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, नागपूर एका राज्यात गेले व आपण दुसऱ्यात राहिलो. त्या रेषेमुळे आपला इतिहास मुलांस परका वाटू नये, एवढी काळजी पालकांनी वाहावयास हवी. असे मूल पुढे परदेशी गेले, तर तेथील भग्नावशेषांपुढे उभे राहून आपल्या मातीविषयीही दोन शब्द सांगू शकेल.