लहान दुर्बीण, लांबची नजर

'दुर्बीण' हा शब्द फारसी. 'दूर' म्हणजे लांब, आणि 'बीन' म्हणजे पाहणारा. मराठीने त्यातला दीर्घ 'दू' ऱ्हस्व केला, शेवटच्या 'न'चा 'ण' केला आणि शब्द घरात घेतला. 'शिकार' आणि 'निशाण' हे फारसी, 'बंदूक' अरबीतून आलेली. 'नेम' या शब्दाची मात्र मराठीत वेगळीच मजा आहे. बंदुकीचा नेम धरायचा आणि एकादशीचा नेम पाळायचा, दोन्हीला शब्द एकच. दोन्ही भाषा वर्गात शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला असा शब्द सापडला की तास कुठे संपतो ते कळत नाही.

पण आज व्याकरण नको. गेल्या काही महिन्यांत तीन माणसे एकच प्रश्न घेऊन माझ्याकडे आली: स्पॉटिंग स्कोप कोणता घ्यावा? पहिली माझी जुनी विद्यार्थिनी, जी रायफल नेमबाजी शिकते. दुसरा माझा भाचा, ज्याचा मोबाईल अमेरिकेतल्या शिकारीच्या व्हिडिओंनी भरलेला आहे. तिसरे आमचे विज्ञानाचे सर, ज्यांना मुलांना वलवणच्या तळ्यावर पक्षी दाखवायचे आहेत. गेली दहा वर्षे मी एक जुना, लहानसा स्कोप पिशवीत टाकून मावळ फिरतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. तिघांनाही मी एकच उत्तर दिले: लहान घ्या. तिघेही थोडे नाराज झाले.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पॉटिंग स्कोप म्हणजे एका डोळ्याने पाहायची, ट्रायपॉडवर बसवायची दुर्बीण. हातातल्या दोन नळ्यांच्या दुर्बिणीपेक्षा ती जास्त जवळ आणते, आणि आकाश पाहायच्या दुर्बिणीसारखे चित्र उलटे दाखवत नाही. तिच्यावर '२०-६०×८०' असे काहीतरी लिहिलेले असते. पहिले आकडे किती पट मोठे दिसेल ते सांगतात, शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. आपल्या बाजारात सगळा व्यापार पहिल्या आकड्यावर चालतो. साठ पट, पंचाहत्तर पट. गिऱ्हाईक खूश. खरा आकडा शेवटचा आहे, आणि त्याहून खरा आहे तो दोघांचा भागाकार.

भिंगाचा व्यास भागिले पट केली की डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी मिळते. ५० मिलिमीटरचा स्कोप १२ पटीवर ठेवला तर ती चार मिलिमीटरच्या थोडी वर येते. तोच ३६ पटीवर नेला तर जेमतेम १.४. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे फारसे कळत नाही. पण मगरिबच्या अजानीच्या सुमाराला बाहुली पाचाच्या पुढे जाते आणि १.४ चा झोत तिला पुरत नाही, चित्र काळवंडते. ६० मिलिमीटरचे भिंग लावून ६० पटीचा डौल मिरवणाऱ्या स्कोपचा झोत एक मिलिमीटरचा. तो आकडा खोक्यावर छापण्यापुरता आहे.

आता नेमबाजीकडे येतो, कारण पैशाचा खरा प्रश्न तिथे आहे. मुलीचे वडील माझे जुने स्नेही. चिक्कीच्या धंद्यात आहेत आणि लेकीसाठी उसने काढून ८० मिलिमीटरचा भला मोठा स्कोप घ्यायला निघाले होते. मी त्यांच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. पन्नास मीटरवरच्या टार्गेटचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते आणि पॉइंट टू टूच्या गोळीचे भोक सुमारे ५.६ मिलिमीटरचे. नुसत्या डोळ्याला एवढ्या अंतरावरून ते भोक दिसत नाही. वीस पटीवर ते स्वच्छ दिसते, अगदी चष्मेवाल्या मास्तरालाही. मग साठ पट कशासाठी? तीनशे मीटरवर रायफलचे भोक पाहायचे असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वीस पटीवर काठावर पास, तीस-चाळीस पट लागते. पण तेवढ्या अंतरावर उन्हात तापलेली हवाच थरथरते आणि पट वाढवली की ती थरथरही तितकीच वाढते.

दहा मीटरच्या एअर रायफलला तर स्कोप लागतच नाही. कागदी टार्गेट दोरीवरून सरकत नेमबाजाच्या हातात येते किंवा समोरच्या पडद्यावर गुण दिसतात. मोठ्या स्पर्धांमध्ये पन्नास मीटरलाही आता इलेक्ट्रॉनिक टार्गेट असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याचा प्रत्येक शॉट पडद्यावर येत होता. मग स्कोपचा उपयोग काय? एक तर गावोगावच्या साध्या रेंजवर अजून कागद आहे. आणि दुसरे, वाऱ्यासाठी. स्कोपचा फोकस टार्गेटच्या थोडा अलीकडे आणला की हवेची लहर दिसू लागते, आणि ती डावीकडे वाहते की उजवीकडे यावरून वाऱ्याचा अंदाज येतो. त्याला पंधरा-वीस पट भरपूर झाली.

म्हणून मी त्या स्नेह्यांना म्हटले, "लहान स्कोप घ्या, उरलेल्या पैशात नेमबाजीचे जाकीट घ्या. जाकिटाने गुण वाढतील, स्कोपने फक्त दिसतील." ते म्हणाले, "सर, पण क्लबमध्ये सगळ्यांकडे मोठे आहेत." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. लग्नातल्या मांडवालाही लोक हेच कारण सांगतात.

भाच्याचे प्रकरण निराळे. "मामू, हे बघा," म्हणत तो मला व्हिडिओ दाखवतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडची उघडी डोंगराळ राज्ये, वायोमिंग, आयडाहो, माँटाना. शिकारी पाठीवर सगळा संसार घेऊन चढतो, एका धारेवर बसतो आणि समोरची दरी तासन्‌तास न्याहाळतो. नर आहे की मादी, शिंगे केवढी, परवान्यात बसतो की नाही, हे सगळे एक-दोन किलोमीटरवरून ठरवायचे. म्हणूनच तिकडे ५० ते ६५ मिलिमीटरच्या लहान स्कोपची चलती आहे. व्होर्टेक्सचा ११-३३×५०, कोवाचा २०-४०×५०, असे स्कोप मोठ्या स्कोपच्या निम्म्या वजनाचे किंवा त्याहूनही हलके असतात. पाठीवरचा प्रत्येक पावशेर चढावर किलोएवढा होतो, हे लोहगडच्या पायऱ्या चढलेल्या कुणालाही सांगायला नको.

त्या लोकांकडून घ्यायची गोष्ट घ्यावी. ती म्हणजे बसून पाहणे. आपल्याकडे माणूस दुर्बीण डोळ्याला लावतो, अर्धा मिनिट इकडेतिकडे फिरवतो आणि "काहीच नाही" म्हणून खाली ठेवतो. तिकडचा माणूस डोंगराचे पट्टे पाडून, एकेक झुडूप तपासत, हळूहळू पाहतो. पण न घ्यायची गोष्टही सांगितली पाहिजे. भाच्याच्या मित्रांकडे छऱ्याच्या बंदुका आहेत आणि पावसाळा सरला की होले, लावे, ससे यांच्यामागे ती पोरे माळावर फिरतात. त्यांना वाटते, छरा म्हणजे खेळ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. मारणे तर आलेच, पण फासे लावणे, जखमी करणे, घरटे आणि अंडी मोडणे, इतकेच नाही तर यातले काही करण्याचा प्रयत्नही शिकारच. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला परवाना मिळण्याची वाट जवळजवळ बंदच झाली. अमेरिकेत परवाने देऊन, नर-मादी मोजून, हंगाम ठरवून जे चालते ते इथे गुन्हा आहे, आणि आमच्या घरातला पोरगा त्यात सापडला तर बातमी कशी छापली जाईल हे मी त्याला वेगळे समजावले नाही. त्यालाही ठाऊक आहे.

धर्माचा दाखला त्यानेच काढला. शिकार हलाल आहे ना मामू? खाण्यासाठी, नियमांत राहून, होय. निव्वळ मजेसाठी जीव घेणे मात्र आपल्या उलेमांनी नापसंत केले आहे. आणि हजच्या इहरामात असलेल्या माणसाला जमिनीवरच्या जनावराची शिकार मना आहे, शिवाय दुसऱ्या शिकाऱ्याला 'ते बघ तिकडे' म्हणून बोटाने दाखवणेही मना आहे. मला ही बारकी गोष्ट फार मोलाची वाटते. दाखवणारा हात मारणाऱ्या हातापासून सुटा मानलेला नाही. आणि स्पॉटिंग स्कोपचे काम दुसरे काय आहे? दाखवणे.

सलीम अली यांची गोष्ट मी भाच्याला सांगितली. १८९६ साली मुंबईत जन्मलेले, लहानपणीच पोरके झालेले, शिकारीच्या शौकीन मामांच्या, अमिरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढलेले. मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे गेला आणि तिथून पुढे सारे आयुष्य पाखरांच्या मागे गेले. भाचा हुशार. म्हणाला, "म्हणजे बंदुकीनेच सुरुवात झाली ना!" खरे आहे. पण त्या काळात पिवळा ठिपका पाहायचा तर चिमणी हातात धरण्यावाचून फारसा इलाज नव्हता. आज पन्नास पावलांवर बसलेल्या चिमणीचा गळा वीस पटीत तिला न उडवता दिसतो. भाच्याचे आणि माझे यावर अजून भांडण चालू आहे.

आता विज्ञानाच्या सरांचा स्कोप. वलवणचे तळे टाटांनी खोपोलीच्या वीजघरासाठी बांधलेले. हे पाणी घाट उतरून विजेसाठी खाली जाते. थंडीत पाण्यावर वारकरी दिसतात, काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले. हळदीकुंकू बदके असतात, पाणकावळे पंख वाळवत बसतात. मुलांना नावे सांगितली की हसतात, मग विसरत नाहीत. चाळीस मुलांना दाखवायचे तर स्कोप कसा हवा? आयपीस तिरका, पंचेचाळीस अंशांचा. सरळ नळीच्या स्कोपला प्रत्येक उंचीच्या मुलासाठी ट्रायपॉड वरखाली करावा लागतो. तिरक्यात पाचवीतला वाकतो थोडा कमी, नववीतला थोडा जास्त, आणि काम चालते. चष्मेवाल्यांसाठी डोळा काचेपासून पंधरा-अठरा मिलिमीटर लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसले पाहिजे. खोक्यावर 'आय रिलीफ' म्हणून हा आकडा लिहिलेला असतो.

आणि आमच्या लोणावळ्याचा खास शत्रू, पाऊस. पावसाळ्यात इथे चार मीटरच्या आसपास पाणी पडते आणि चार महिने कपाटातले कपडेसुद्धा दमट असतात. अशा हवेत भिंगावर बुरशी चढते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि ती एकदा काच खायला लागली की पुसून जात नाही. म्हणून नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला, सीलबंद स्कोपच घ्यावा, मग बाकीच्या सोयी कमी असल्या तरी चालतील. चामड्याच्या देखण्या पिशवीत तो ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा आणि पुड्या अधूनमधून तव्यावर मंद आचेवर तापवून घ्याव्यात. पैसे ट्रायपॉडवर घालवावेत. हलणाऱ्या ट्रायपॉडवरचा महाग स्कोप आणि जुनी बाटली यांत फरक नाही. लहान स्कोपचा आणखी एक फायदा असा की त्याला हलका ट्रायपॉडही पेलतो.

एक अनुभव लिहितोच. एका तळ्याच्या काठी, कुठले ते राहू दे, मी ट्रायपॉड लावून बसलो होतो. रखवालदार आला. दाढी, टोपी, आणि समोर नळी रोखलेली. त्याची नजर मला वाचता आली. मी उठून बाजूला झालो आणि म्हटले, "दादा, आधी बघा, मग विचारा." त्याने पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, "हे रोज इथं असतात, पण असे कधी पाहिले नव्हते," आणि ओळखपत्र मागितलेच. मी दाखवले. तेव्हापासून ओळखपत्र स्कोपच्या पिशवीतच असते. मोठा स्कोप तोफेसारखा दिसतो, हेही लहान घेण्याचे एक कारण माझ्यासारख्यांसाठी आहे, आणि ते कुठल्याही जाहिरातीत छापलेले नसते.

चंद्रदर्शनाचा प्रश्न दरवर्षी येतो. एकोणतिसाव्या संध्याकाळी पश्चिमेच्या कड्यावरून, कोकणाकडे तोंड करून हिलाल शोधायला स्कोप चालेल का? यंत्राने दिसलेला चंद्र शरीयतीत धरावा की नाही यावर आलिमांत मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. तंत्राचे सांगतो. साठ पटीत आकाशाचा फार चिंचोळा तुकडा दिसतो, त्यात कोर शोधणे म्हणजे भांडे भरून तांदळात खडा शोधणे. साधी दुर्बीण बरी, आणि स्कोपच असेल तर बारा पटीपासून सुरू होणारा. सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय मात्र कुणीही, कोणतीही दुर्बीण त्या बाजूला वळवू नये. एका क्षणात डोळा जातो. मुलांच्या बाबतीत मी इथे ओरडतोसुद्धा.

दुकानात गेलात तर आत उभे राहून शेल्फवरची खोकी पाहू नका. स्कोप बाहेर आणायला लावा. लांबच्या पाटीवरची सर्वांत बारीक अक्षरे वाचा, मग आकाशापुढची विजेची तार पाहा. तारेच्या कडेला जांभळी किनार दिसली तर पांढऱ्या बगळ्यालाही तशीच दिसेल. पट शेवटपर्यंत वाढवा आणि चित्र कुठे मळकट होते ते लक्षात ठेवा, कारण तुमचा स्कोप खरा तेवढ्याच पटीचा आहे. मुलीच्या वडिलांनी हे सगळे केले आणि ५० मिलिमीटरचा घेतला. जाकिटाचे माप गेल्या आठवड्यात दिले आहे.