शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटर



कापूस-ज्वारीच्या भावाचे बोलायचे सोडून शाळेपुढच्या टपरीचे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. पण टपरीवरचा हिशेबही आपल्या भावाचाच आहे.

पोराने आणलेले पाच रुपयांचे मक्याच्या कुरकुऱ्यांचे पाकीट हातात घ्या आणि त्यावरचे वजन वाचा. माल १५ ग्रॅम भरला, तर किलोला ३३३ रुपये पडले. २०२५-२६ च्या हंगामात मक्याचा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये, म्हणजे किलोला २४. संकरित ज्वारीचा ३६९९, म्हणजे किलोला ३७. तोही बाजारात पदरात पडेलच असे नाही. आपला माल मातीमोल द्यायचा आणि पोरासाठी दहापटीने विकत घ्यायचा, हा व्यवहार आपल्याच घरात रोज चालला आहे.

पैसा जातोच, वर भूकही मारली जाते. तेल, मीठ, साखर यांची चव जिभेला लागली की डब्यातली भाकरी तशीच परत येते. त्या भाकरीची किंमत आपल्यालाच ठाऊक नाही. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तितकाच तंतू असतो.

यावर नियम आहे. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली तो केला. जादा चरबी, साखर, मिठाचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून चहूबाजूंनी ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत, त्यांची जाहिरात करायची नाही, फुकट वाटायचेही नाहीत. तसा फलक फाटकावर लावायचा. आपल्या गावच्या शाळेवर असा फलक आहे का, ते जाऊन पाहा.

आता कोणी विचारेल, आपण तर बंदीच्या विरोधातले. एकाधिकाराच्या काळात कापूस परराज्यात नेऊ देत नव्हते, तेव्हा आपण भांडलो. मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात रोखली, तेव्हाही बोललो. मग ही बंदी कशी चालते? प्रश्न रास्त आहे. पण सौदा दोन जाणत्यांमध्ये होतो. सात वर्षांचे पोर सौदा करत नाही, पाकिटातल्या खेळण्यासाठी हात पुढे करते. शिवाय ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत धाडणे कायद्याने आले आहे. कायद्याने ज्या दारात आणून उभे केले, ते दार कोणाचे गिऱ्हाईक गाठायची जागा होऊ शकत नाही. पन्नास मीटरच्या पलीकडे ज्याला जे विकायचे ते विकू द्या.

एक मात्र सांभाळा. टपरीवाला आपल्यातलाच कोरडवाहू माणूस आहे. पाकिटांच्या माळा कंपनीची गाडी त्याच्या दारात आणून देते. त्याच्यावर धाडी घालून काही साधणार नाही. ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की असा माल बचत गटाने त्याला पुरवावा. त्याचे चार पैसे सुटले तर तो आपणहून माळा उतरवील.

हे करायला मुंबईला जायची गरज नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. म्हणजे बहुमत आपले आहे. पुढच्या बैठकीत दोन ठराव मांडा. पहिला, फाटकावर फलक लावून नियम पाळण्याचा. दुसरा, शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून निदान एकदा ज्वारी द्यावी आणि ती हमीभावाने इथल्याच शेतकऱ्यांकडून घ्यावी, अशी मागणी वर पाठवण्याचा. २०२३ हे भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून दिल्लीने गाजवले. त्यातली एखादी भाकरी आपल्या पोरांच्या ताटात पडली पाहिजे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ठरावाची नक्कल सोबत आणा. किती गावांनी आणली, ते तिथेच मोजू.