ढगाळ रात्रीची नोंद



हा अंक आपल्या हातीं पडेल तेव्हां आकाश निरभ्र असेल. दिवेलागणीनंतर अंगणांत उभें राहिलें म्हणजे मृगाचें नक्षत्र डोक्यावर दिसेल, आणि जवळच व्याधाचा तारा लखलखत असेल. अशा दिवसांत ढगांविषयीं लिहावयास बसणें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु आकाश पाहण्याची आवड ज्यांस लागली आहे त्यांस ठाऊक आहे कीं, आपल्या प्रांतांत वर्षाचे चार महिने त्या आवडीची कसोटी पाहणारे असतात. जून लागला कीं दुर्बीण कपाटांत जाते, आणि बहुतेक मुलांचा उत्साहही तिच्याबरोबर जातो. या चार महिन्यांविषयीं आमचें एक मत बनलें आहे. तें आमच्याच एका चुकीमुळें बनलें, म्हणून प्रथम ती चूक सांगतों.

गेल्या पावसाळ्यांत आम्हीं इयत्ता आठवीच्या मुलांस एक काम नेमून दिलें होतें. महिनाभर रोज चंद्र पाहावा, त्याची आकृति वहींत काढावी, आणि शेजारीं वेळ व दिशा लिहावी. महिन्याच्या अखेरीस वह्या आल्या. एका विद्यार्थ्याच्या वहींत अमावास्या सोडून एकाही दिवसाचा खंड नव्हता; प्रत्येक तारखेपुढें रेखीव चंद्र काढलेला होता. दुसऱ्या एकाच्या वहींत तीस दिवसांपैकीं एकोणीस दिवसांपुढें ‘ढगाळ’ हा एकच शब्द होता. पहिल्यास आम्हीं दहांपैकीं नऊ गुण दिले व त्याची वही स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनांत मांडली. दुसऱ्यास चार गुण दिले.

कांहीं दिवसांनीं तो दुसरा मुलगा आमच्या टेबलापाशीं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “सर, चंद्र दिसलाच नाहीं, तर मी काढायचा कसा?”

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या संध्याकाळीं दोन्ही वह्या शेजारीं ठेवून आम्हीं पुन्हां पाहिल्या. ज्या रात्रीं ओढ्यास पूर येऊन पलीकडच्या वाडीचीं मुलें दुसऱ्या दिवशीं शाळेस येऊं शकलीं नव्हतीं, त्या रात्रींही पहिल्या वहींत चंद्र स्वच्छ दिसला होता! आम्हीं त्या विद्यार्थ्यास एकीकडे बोलावून विचारलें. त्यानें आढेवेढे घेतले नाहींत. भिंतीवरील दिनदर्शिकेवरून त्यानें आकृत्या काढल्या होत्या. कोरी जागा राहिली तर गुण जातील असें त्यास घरीं सांगण्यांत आलें होतें. आणि खरें पाहतां तें सांगणें चुकीचें नव्हतें. आमच्या गुणांच्या यादींत आकृत्यांच्या संख्येस गुण होते, टापटिपीस गुण होते. जें दिसलें नाहीं तें दिसलें नाहीं असें लिहिण्यास एकही गुण नव्हता. मुलानें आमचीच शिकवण बरोबर ओळखली होती.

तेव्हांपासून आमचें मत असें झालें आहे कीं, आकाशनिरीक्षणाच्या वहींत ढगाळ रात्रीची नोंद निरभ्र रात्रीच्या नोंदीइतकीच मोलाची आहे, आणि ती जागा अंदाजानें भरल्यास सगळ्या वहीचीच किंमत जाते.

याचें एक थोर उदाहरण आहे. इटलींतील गॅलिलिओनें १६१० सालच्या ७ जानेवारीस आपल्या दुर्बिणींतून गुरु ग्रहाकडे पाहिलें, तेव्हां त्यास गुरूच्या शेजारीं तीन लहान तारे दिसले. दोन पूर्वेस व एक पश्चिमेस. दुसऱ्या दिवशीं तिन्ही पश्चिमेस आलेले दिसले. हें काय गूढ आहे तें उलगडावें म्हणून त्यानें ९ तारखेच्या रात्रीची मोठ्या उत्कंठेनें वाट पाहिली, आणि त्या रात्रीं सगळें आकाश ढगांनीं भरून आलें. १० तारखेस पाहतो तों दोनच तारे, आणि तेही पूर्वेस. पुढें १३ तारखेस चौथा दिसला. हे तारे नसून गुरूभोंवतीं फिरणारे चंद्र आहेत, हा त्याचा सिद्धांत अशा रोजच्या नोंदींवर उभा आहे. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत त्यानें आपला ग्रंथ छापला, त्यांत ९ तारखेस आकाश ढगाळ होतें हेंही त्यानें सांगितलें आहे. मागच्या दोन दिवसांवरून त्या रात्रीचें चित्र अटकळीनें काढणें त्यास कांहीं अशक्य नव्हतें. पण तें त्याच्या अटकळीचें चित्र झालें असतें, गुरूचें नव्हे.

येथें कोणी म्हणेल, चंद्राची गोष्ट निराळी आहे. कोणत्या तिथीस तो केवढा असणार हें पंचांगावरून आधींच कळतें. मग ढगाआडचा चंद्र काढला तर बिघडलें काय? या आक्षेपांत तथ्य आहे, आणि गणितास आम्ही कमी लेखीत नाहीं. कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशानें शिक्षक होते. त्यांच्या १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथांत या देशांतील ग्रहगणिताचा इतिहास आहे. तो वाचणाऱ्यास त्या गणिताची थोरवी सांगावी लागत नाहीं. पंचांगांतील चंद्र काढावयाचा असेल तर खुशाल काढावा. शेजारीं ‘पंचांगावरून’ एवढा शब्द लिहावा म्हणजे झालें. गणितानें जाणलेलें आणि डोळ्यांनीं पाहिलेलें हीं दोन्ही ज्ञानेंच आहेत. एकास दुसऱ्याच्या नांवानें खपविलें कीं मात्र दोन्हींचा घात होतो, कारण गणित बरोबर आहे कीं नाहीं हें पडताळून पाहण्याचें साधनच मग उरत नाहीं.

अठराव्या शतकांतील फ्रेंच ज्योतिषी ल जाँतील याची हकीकत या बाबतींत मनन करण्याजोगी आहे. शुक्र ग्रह क्वचित् सूर्यबिंबावरून एखाद्या काळ्या ठिपक्याप्रमाणें सरकतांना दिसतो. निरनिराळ्या देशांतून त्याच्या वेळा मोजल्या म्हणजे सूर्याचें अंतर काढतां येतें. असा योग १७६१ च्या जून महिन्यांत होता. त्यासाठीं ल जाँतील १७६० सालीं पाँडेचरीस येण्यास निघाला. पण वाटेंतच तें शहर इंग्रजांच्या हातीं गेल्याचें कळलें, आणि योगाच्या दिवशीं तो भर समुद्रांत जहाजावर होता. सूर्य दिसत होता, परंतु हलत्या जहाजावरून मोजणी होण्यासारखी नव्हती. पुढचा योग १७६९ सालीं होता, व त्यानंतरचा एकदम १८७४ सालीं. तेव्हां तो मायदेशीं न जातां पूर्वेकडेच राहिला. १७६९ च्या जूनमध्यें पाँडेचरीस त्याची सर्व सिद्धता झाली होती. नेमक्या त्या सकाळीं ढग आले, आणि योग आटोपल्यावर सूर्य बाहेर पडला! पंधरा दिवसांहून अधिक काळ त्यास लेखणी हातीं धरवेना. १७७१ सालीं तो घरीं परतला तेव्हां तो मेला असें समजून वारसांनीं मालमत्तेच्या वांटणीची तयारी चालविली होती, आणि अकादमींतील त्याची जागा दुसऱ्यास दिली गेली होती.

शुक्र सूर्यबिंबावर केव्हां येणार व केव्हां उतरणार, याचें गणित त्याच्याजवळ होतें. एवढ्या वर्षांची किंमतही मोजून झाली होती. तरी त्यानें लिहिलें तें ढग आल्याचेंच. पाँडेचरीच्या मुक्कामांत तमिळ ज्योतिष्यांची ग्रहणें वर्तविण्याची पद्धति तो शिकला होता, आणि ती त्यानें आपल्या प्रवासग्रंथांत युरोपच्या विद्वानांपुढें मांडली. आपल्या सर्वांत मोठ्या अपयशाविषयीं ज्यानें खरें लिहिलें, त्याच्या बाकीच्या मजकुरावर वाचकाचा विश्वास बसतो.

ढगाळ नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. दरवर्षीं १२-१३ ऑगस्टच्या सुमारास ययाति तारकासमूहाच्या दिशेनें उल्कांचा वर्षाव होतो. आपल्याकडे त्या वेळीं बहुधा पाऊस असतो. त्या रात्रीं एखाद्यानें वहींत ‘उल्का दिसली नाहीं’ एवढेंच लिहिलें, तर वाचणारा काय समजेल? त्या वर्षीं उल्का पडल्याच नाहींत असेंही समजेल. ‘ढग होते, म्हणून दिसली नाहीं’ आणि ‘आकाश स्वच्छ होतें, तरी दिसली नाहीं’ या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. उल्का मोजणारे जाणते निरीक्षक आकाशाचा किती भाग ढगांनीं झांकला होता हें मोजणीबरोबर लिहून ठेवतात, तें याच कारणासाठीं.

मग पावसाळ्यांत हौशी निरीक्षकानें करावें काय? प्रथम, ढगच मोजावे. हवामानाची नोंद ठेवणारे आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांपैकीं किती झांकले आहेत तें लिहितात. हें कोणत्याही मुलास दोन दिवसांत साधतें. अशी वही चार-पांच वर्षें चालविली तर आपल्या गांवच्या निरभ्र रात्रींचा एक तक्ता तयार होतो. दुसरें, दुर्बीण संभाळावी. दमट हवेंत भिंगांवर बुरशी चढते. म्हणून घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून ती ठेवावी. तिसरें, ढगांस खिंड पडली कीं धांवत बाहेर यावें. जुलै-ऑगस्टच्या संध्याकाळीं दक्षिणेकडे वृश्चिकांतील तांबूस ज्येष्ठा अथवा उंचावर अभिजित असा एकटाच तारा पांच मिनिटें दिसतो. शेजारचे तारे झांकलेले असतां त्या एकट्याचें नांव सांगणें, ही उघड्या आकाशाखालच्या परीक्षेहून अवघड परीक्षा आहे.

आणि चौथें, आपल्या शेतकऱ्यांकडे पाहावें. मृग, आर्द्रा, पुनर्वसु, पुष्य अशीं नांवें घेऊन ते पावसाचे दिवस मोजतात. त्या त्या वेळीं सूर्य त्या त्या नक्षत्रांत असतो. म्हणून ढग नसते तरी तीं नक्षत्रें त्या दिवसांत दिसलीं नसतीं. आज डोक्यावर झळकणारें मृग जूनमध्यें सूर्याच्या तेजांत बुडालेलें असेल. तें दिसत नाहीं हें जाणूनच शेतकरी त्याच्या नांवानें पेरणीचा हिशेब करतो. मृग ‘पाहिला’ असें तो म्हणत नाहीं. मृग ‘लागला’ असें म्हणतो. पाहणें आणि जाणणें यांतील भेद त्याच्या भाषेंतच आहे.

असो. आम्हीं त्या दोन वह्यांचे गुण दुरुस्त केले, आणि चूक आमची होती हें वर्गांत सांगितलें. पहिल्या विद्यार्थ्यानें आपली वही परत मागून घेतली, व ज्या तारखा पाऊस असल्याचें त्यास आठवत होतें त्यांपुढें स्वतःच्या हातानें लाल पेन्सिलीनें ‘पंचांगावरून’ असें लिहिलें. ती वही आतां पूर्वीइतकी सुबक दिसत नाहीं. पण आमच्या मतें ती आतां निरीक्षणाची वही झाली आहे. पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, मुलाच्या वहींत कोरी जागा दिसली तर ती भरण्यास सांगण्यापूर्वीं, ती कोरी कां राहिली हें त्यास विचारावें.

येत्या जूनमध्यें नव्या वह्या सुरू होतील. पहिल्या पानावरील पहिल्या रात्रीं बहुधा कांहींच दिसणार नाहीं. तारीख घालावी, वेळ घालावी, ‘ढगाळ’ असें लिहावें, आणि स्वस्थ निजावें.