रिकाम्या पाकिटालाही गुण द्या

मा. संपादक,


पाऊच, पाकिटं, पिशव्या अशा मऊ वेष्टनांच्या नव्या कल्पना विद्यार्थ्यांनी मांडाव्यात म्हणून स्पर्धा होतात, ही चांगली गोष्ट आहे. वर्ल्ड पॅकेजिंग ऑर्गनायझेशनची 'वर्ल्डस्टार स्टुडंट' स्पर्धा जगभरच्या मुलांसाठी असते. अमेरिकेत फ्लेक्झिबल पॅकेजिंग असोसिएशन तर खास या प्रकारच्या वेष्टनांसाठीच विद्यार्थ्यांची स्पर्धा घेते. आपल्याकडे मुंबईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग 1966 पासून हे शास्त्र जोपासते आहे, नेरुळला एसआयईएसचं स्कूल ऑफ पॅकेजिंग आहे, आणि तिथली मुलं हुशार आहेत. तक्रार त्यांच्याबद्दल नाही, परीक्षणाबद्दल आहे. पाकीट भरलेलं असताना ते कसं दिसतं, कसं उघडतं, माल किती दिवस टिकवतं याची परीक्षा होते. ते रिकामं झाल्यावर त्याचं काय होणार, याला मात्र पर्यावरणाच्या रकान्यात लिहिलेल्या चार वाक्यांवर गुण मिळून जातात, असं माझं निरीक्षण आहे. हा क्रम बदलायला हवा, आणि तो का बदलावा हे आमच्या नंदेसरीत राहणाऱ्या माणसाला जास्त समजावून सांगावं लागत नाही.

नंदेसरी वडोदऱ्याच्या उत्तरेला, मही नदीच्या अंगाने वसलेली रसायनांची वसाहत. गुजरात औद्योगिक विकास महामंडळाने (जीआयडीसी) ती 1969च्या सुमारास उभारली. बाजूला कोयलीची रिफायनरी, पूर्वीच्या आयपीसीएलचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, आणि आमच्याकडे रंग-औषधांसाठी लागणाऱ्या रसायनांचे लहानमोठे कारखाने. माल काय बनवायचा हे आधी ठरलं, सांडपाणी कुठे जाणार हे नंतर. ते समुद्राच्या तोंडाशी नेणारा सुमारे 55 किलोमीटरचा कालवा धनोऱ्यापासून जंबुसर तालुक्यातल्या सारोदपर्यंत 1983मध्ये सुरू झाला, आणि नंदेसरीचं सामायिक शुद्धीकरण केंद्रही त्याच सुमाराचं, देशातल्या पहिल्यावहिल्या केंद्रांपैकी एक. मधल्या वर्षांत जे वाहून गेलं त्याचा हिशेब या भागातल्या विहिरींनी चुकता केला. वस्तू आधी आणि तिच्या शेवटाचा विचार दहा-पंधरा वर्षांनी, हा उलटा क्रम किती महाग पडतो हे इथे बघायला मिळतं.

पाकिटाच्या बाबतीत आपण तोच क्रम पुन्हा गिरवतो आहोत. मी लॅमिनेशनच्या खात्यात नोकरी केली, म्हणून पाकिटाच्या पोटात काय असतं ते सांगतो. वेफर्सचं किंवा फरसाणाचं चकचकीत पाकीट हाताला एकच कागद वाटतं, पण ते दोन-तीन थरांचं असतं. बाहेर पेट किंवा बीओपीपी या प्लास्टिकची फिल्म, बहुतेक वेळा 12 ते 20 मायक्रॉनची, तिच्या आतल्या बाजूला छपाई. मग डिंक. मग निर्वात कक्षात अॅल्युमिनियमची वाफ बसवलेली फिल्म. तो धातूचा थर एका मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ. शेवटी सील होण्यासाठी पॉलिथिन. उजेड, हवा आणि ओलावा अडवण्याचं काम ही रचना अफाट चांगलं करते. वडोदऱ्याची भाकरवडी आणि लीलो चेवडो आज कुठल्या कुठे पोचतात, कोकणातले काजू आणि सांगलीचे बेदाणे महिनोन्महिने टिकतात ते याच थरांमुळे. काचेच्या बरण्यांत तेच नेलं असतं तर ट्रकचं निम्मं डिझेल काचेवरच खर्च झालं असतं. म्हणून 'प्लास्टिक बंद करा' एवढंच म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण हे थर एकदा चिकटले की सुटत नाहीत. पॉलिथिन सव्वाशे अंशांच्या आसपास वितळतं, पेटला अडीचशेच्या वर लागतं. दोन्ही एकत्र वितळवायला गेलं तर एक करपतं आणि दुसरं कच्चं राहतं. म्हणून भंगारवाला ते पाकीट घेत नाही, कचरावेचक बाई त्यासाठी वाकत नाही. जे गोळा होतं ते पुष्कळदा सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं, बाकीचं नाल्यात. पुण्यात 'आशाया' या उपक्रमाने अशा पाकिटांपासून चष्म्याच्या फ्रेम बनवून दाखवल्या. ती खरी कर्तबगारी आहे. पण मुळात रचनाच चुकली म्हणून कोणाला तरी एवढा खटाटोप करावा लागतो, हेही त्यातून दिसतं.

कायद्याची कथा तशीच. 2016च्या प्लास्टिक कचरा नियमांत, पुनर्वापर न होणारी बहुथर वेष्टनं दोन वर्षांत हद्दपार करायची होती. 2018मध्ये दुरुस्ती झाली आणि ज्यापासून ऊर्जा मिळू शकते किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग होतो ते वेष्टन चालेल असं ठरलं. जे जळतं ते सगळं त्या चाळणीतून सुटलं. पुढे फेब्रुवारी 2022मध्ये उत्पादकांची जबाबदारी टक्केवारीने बांधली गेली: मऊ प्लास्टिकच्या वर्गात 2025-26 पासून 10 टक्के आणि 2028-29 पर्यंत 20 टक्के पुनर्वापरित प्लास्टिक घालायचं. पुनर्वापरित प्लास्टिकचा हा दाणा येणार कुठून? पाकीट वितळवून स्वच्छ दाणा निघेल अशीच त्याची रचना असेल, तरच येईल. आज स्पर्धेत उतरणारी मुलं त्या वेळी कारखान्यांत निर्णय घेत असतील. त्यांना आत्ताच चुकीच्या गोष्टीबद्दल बक्षीस दिलं, तर नंतर कायद्याने किती हाकाटी केली तरी उपयोग नाही.

नमुना शोधायला लांब जायला नको. दुधाची पिशवी घ्या. आणंद आमच्यापासून महीपलीकडे तासाभरावर. दुधाच्या क्रांतीबरोबर घराघरांत गेलेली ही पिशवी एकाच कुळातल्या पॉलिथिनची असते. धुऊन वाळवली की भंगारात तिला भाव मिळतो आणि तिचा पुन्हा दाणा होतो. सुधारणेला तिच्यातही जागा आहे. आपण कात्रीने कोपरा कापतो आणि तो चिमुकला तुकडा मोरीतून गटारात जातो. महाराष्ट्रात रोज एक कोटी दुधाच्या पिशव्यांचा 31 टन कचरा होतो, असं तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी 2019मध्ये विधानसभेत सांगितलं होतं. त्याआधी 2018च्या महाराष्ट्राच्या प्लास्टिक अधिसूचनेत पिशवी परत दिल्यावर 50 पैसे देण्याची तरतूद झाली होती. वाचकांपैकी किती जणांच्या हातात ते 50 पैसे पडले? कोपरा वेगळा न होता उघडणारी, चालू मशीनवरच भरता येणारी आणि एका पैशानेही महाग न होणारी पिशवी: विद्यार्थ्यांच्या स्पर्धेला यापेक्षा चांगला विषय मला सुचत नाही. पण असा विषय फोटोत दिमाखदार दिसत नाही. तिथे झिप, नळी, चमक यांची सरशी होते, आणि प्रत्येक नव्या सोयीबरोबर बहुतेक वेळा आणखी एक वेगळं प्लास्टिक पाकिटाला चिकटतं.

सगळं एकाच प्लास्टिकचं करणं सोपं नाही, हे मी जाणतो. बाहेरचा थरही पॉलिथिनचा केला तर सीलिंगच्या जबड्याला चिकटतो, मशीनचा वेग उतरतो, ऑपरेटर वैतागतो. ताणून घेतलेली फिल्म वापरून, कमी तापमानाला सील होणारा थर निवडून त्यातून वाट काढता येते. गंमत म्हणजे चित्रकाराचाही इथे मोठा हात आहे. पाकिटावर गडद शाई जितकी जास्त, तितका दाणा मळकट निघतो आणि भाव पडतो. ही अडचण एकट्या डिझाइनच्या विद्यार्थ्याला सुटणार नाही, एकट्या पॉलिमरच्या विद्यार्थ्यालाही नाही. वडोदऱ्याला हे नवं नाही. सयाजीराव महाराजांनी 1890मध्ये कलाभवन काढलं तेव्हा त्याचे प्रमुख केले त्रिभुवनदास गज्जर, म्हणजे एक रसायनशास्त्रज्ञ. चित्रं, छपाई, रंगाई, यंत्रं सगळं एका छपराखाली होतं. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. आज त्याच जागी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे आणि त्याच विद्यापीठाची ललित कला शाखा देशभर नावाजलेली आहे. या दोन शाखांचे विद्यार्थी एका गटात बसवायचे, एवढं तरी स्पर्धांच्या आयोजकांनी करावं.

आयोजकांकडे माझी मागणी थोडक्यात अशी. परीक्षकांत एक भंगार व्यावसायिक, एक कचरावेचक आणि एक पॅकिंग लाइनचा ऑपरेटर असावा. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून काम करते आहे, तिथल्या बायका पाकीट नुसतं चुरगळून ते विकलं जाईल की नाही सांगू शकतील. अंतिम फेरीतली पाकिटं भरून, रिकामी करून, दाणा करणाऱ्या एखाद्या छोट्या कारखान्यात वितळवून बघावीत आणि निम्मे गुण त्या दाण्यावर द्यावेत. प्रवेश आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांनाही खुला असावा; मशीन त्यांनाच चालवायचं असतं.

ही अंतिम फेरी नंदेसरीत घ्या. इथे रसायन जाणणारी माणसं आहेत, शुद्धीकरण केंद्र आहे, आणि मुलांना कालव्याच्या काठाने चालवत नेता येईल. आपल्या वाचकांत पॅकेजिंग, छपाई किंवा पॉलिमर शिकवणारे प्राध्यापक नक्की असतील. त्यांनी यंदा विद्यार्थ्यांची प्रवेशिका पाठवण्यापूर्वी तो नमुना एकदा जवळच्या भंगाराच्या दुकानात ठेवून किलोचा भाव विचारावा, आणि मिळालेला आकडा प्रवेशिकेत लिहावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक
नंदेसरी, जि. वडोदरा