सोमनाथाचे जुने साक्षीदार

सोमनाथाच्या नव्या मंदिरासाठी १९५० साली जुन्या वास्तूचे भग्नावशेष उतरविण्यात आले. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ज्योतिर्लिंगाची प्रतिष्ठापना झाली. सरदार पटेलांचा संकल्प सिद्धीस गेला, हे उचितच झाले. परंतु शतकानुशतकांचे घाव सोसलेले ते भंगलेले खांब, त्या कोरीव भिंती आता छायाचित्रांतच उरल्या आहेत. १८६९ साली साइक्स यांनी टिपलेली ही चित्रे आहेत कोठे? लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत! काश्मीरच्या मार्तंड मंदिराची जॉन बर्कने १८६८ साली घेतलेली चित्रेही अशीच सरकारी पाहणीतून निघाली.

साहेबाने हे भक्तिभावाने केले नव्हते. मात्र स्थळ आणि साल त्याने नोंदवून ठेवले. इकडे देवळाचा जीर्णोद्धार निघाला की सभामंडपातील जुन्या तसबिरी प्रथम अडगळीत जातात, मग रद्दीत. त्या काळचा छायाचित्राचा कागद अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर देऊन सिद्ध केलेला असे. ऊन आणि ओल लागली की तो पिवळा पडून फिकटतो. काचेला चिकटलेले चित्र ओढून काढले तर फाटलेच म्हणून समजावे. मागच्या बाजूस शाईने लिहिलेले एखादे नाव वा साल तर कोणी पाहतही नाही.

पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून जुने कागद सांभाळीत आले आहे. लाखोंच्या देणग्या जमविणाऱ्या विश्वस्तांना एका कोरड्या कपाटाचा आणि चार प्रतींचा खर्च जड का वाटावा?